झोळीच्या खालची ऊब

भाकरी-कालवण आवरून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या जणींना माझा राम राम. मी बचत गटांची सहयोगिनी. एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि बँकेच्या कर्जाबद्दल बोलते. आज शिलाईबद्दल बोलणार आहे. जुन्या जॅकेटची गोधडी कशी शिवायची आणि ती बाळाच्या झोळीत न अंथरता झोळीच्या खाली कशी बांधायची, हा आजचा विषय. खाली का, ते आधी सांगते, कारण त्यामागे माझीच एक चूक आहे.

आमचा भाग बीड जिल्ह्यातला. दसरा झाला की आमच्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तान्हं लेकरू असलं तरी कोयता मोडता येत नाही, कारण उचल आधीच घेतलेली असते. तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातली एक ताई चार महिन्यांचं बाळ घेऊन अशीच निघाली. जाताना मी तिला दोन जाड गोधड्या दिल्या आणि म्हणाले, "झोळीत दुहेरी अंथर, बाळाला थंडी लागणार नाही."

जानेवारीत मी त्यांच्या तळावर गेले. ती म्हणाली, "ताई, किती बी अंथरलं तरी लेकराची पाठ गारच लागती." पहाटे चारला तिला फडावर जावं लागायचं. मग ती चुलीतले निखारे घमेल्यात काढून कोपीत झोळीखाली ठेवायची. आपल्या आज्या बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायच्या, तशीच. एका पहाटे झोळीच्या लुगड्याचा लोंबता काठ त्या घमेल्यात पडला. झोका द्यायला बसलेली आठ वर्षांची बहीण ओरडली, शेजारच्या कोपीतली मावशी धावली आणि बाळ वाचलं. लुगड्याला तळहाताएवढं भोक पडलं होतं. त्या ताईनं ते मला दाखवलं, बोलली काहीच नाही.

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. दोन गोधड्या देऊनही पाठ गार का राहिली?

उत्तर मला माझ्या धाकट्या दिरानं दिलं. त्याला गडकिल्ले फिरायचा नाद आहे. रात्री तो जंगलात दोन झाडांना झोळी बांधून झोपतो. त्याच्या झोळीच्या खाली, बाहेरच्या बाजूनं, एक फुगीर गोधडी टांगलेली असते. मी म्हटलं, "भाऊजी, ही अंगाखाली घ्यायची सोडून बाहेर का टांगली?" तो म्हणाला, "वहिनी, अंगाखाली घेतली की ती चेपते. चेपलेल्या गोधडीत ऊब राहत नाही."

विचार केला तर आपल्याला हे माहीतच आहे. थंडीत कोंबडी अंग फुगवून बसते. पिसांच्या आत हवा अडकते, आणि ती अडकलेली हवाच तिला ऊब देते. गोधडी उन्हात टाकली की फुलते, आणि त्या रात्री ती जास्त उबदार लागते. ऊब कापसात नसते, पिसांतही नसते. त्यांच्यात थांबलेल्या हवेत असते. जमिनीवर अंथरलेली गोधडीसुद्धा अंगाखाली चेपते, पण तिथं खालून वारा तरी लागत नाही. झोळी अधांतरी असते. बाळाच्या वजनानं आतलं अंथरूण चेपून पापडासारखं होतं आणि खालून वारा वाहत राहतो. मग वरून चार दुपटी घातली तरी पाठ गारच राहते. म्हणून ऊब झोळीच्या बाहेर, खालच्या बाजूला पाहिजे. तिथं बाळाचं वजन पडत नाही आणि गोधडी फुललेली राहते. शिवाय बाळाच्या नाकातोंडाजवळ मऊ गाठोडी येत नाहीत, हा आणखी एक फायदा.

दिराची गोधडी विकत घ्यायची तर आपल्या खिशाला परवडणारी नाही. म्हणून आम्ही जुनी जॅकेटं गोळा केली. पोरांची चेन तुटलेली, पुण्याहून पाहुण्यांनी दिलेली, आठवडी बाजारातल्या ढिगातली. त्यातलं एक पिसांचं निघालं. एका ताईच्या भावानं, तो फौजेत आहे, ते लेहच्या बाजारातून आणलेलं होतं.

जॅकेट पिसांचं आहे की पॉलिस्टरच्या कापसाचं, हे आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टी नसेल तर मुठीत दाबून बघा. पिसांचं जॅकेट मुठीत अगदी एवढंसं होतं, सोडलं की हळूहळू फुगतं, आणि बोटांना मधूनच बारीक काडी टोचते. पिसांचं जास्त उबदार आणि हलकं असतं, पण ओलं झालं की गोळा होतं आणि ऊब जाते. फडावर दव असतं, म्हणून उसाच्या तळावर न्यायची असेल तर पॉलिस्टरची गोधडी बरी. ती ओली झाली तरी लवकर वाळते.

आता कागद-पेन्सिल घ्या. एका गोधडीला मोठ्या माणसाची दोन जॅकेटं लागतात. पाच मीटर नाडी, एक मीटर रुंद इलास्टिक, पॉलिस्टरचा दोरा आणि अकरा नंबरची बारीक सुई. जाड सुईनं मोठी भोकं पडतात आणि त्यातून पिसं बाहेर येतात.

पहिलं काम धुण्याचं. सौम्य साबणानं दोनदा धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. खाटेवर आडवं पसरून वाळवा आणि मधून मधून गोळे हातानं फोडत राहा. पिसांच्या जॅकेटला दोन-तीन दिवस लागतात. घाई करून ओलं शिवलं तर आत कुबट वास धरतो.

दुसरं काम कापायचं. इथं बहुतेक जणी चुकतात, मीही चुकले. मी पहिलं जॅकेट सरळ पाठीतून उभं कापलं आणि घरभर पिसं झाली. सासूबाई म्हणाल्या, "कोंबडी सोलली का काय?" जॅकेटला आडव्या टिपा मारून कप्पे केलेले असतात. उभं कापलं की सगळे कप्पे उघडतात. म्हणून आडवं कापायचं, बगलेच्या खाली. तिथला एक कप्पा निवडा आणि त्यातली पिसं हातानं खाली-वर सारा. मग अर्धा इंच अंतर ठेवून दोन टिपा मारा आणि त्या दोन टिपांच्या मधून कातर चालवा. दोन्हीकडचे काठ आधीच बंद झालेले असतात, त्यामुळे एक पीस बाहेर येत नाही. टाचण्या लावू नका, वाळत घालायचे चिमटे लावा. इस्त्री तर अजिबात नको, नायलॉन वितळतं.

पुढची चेन उघडली की बगलेखालच्या भागाची एक लांब पट्टी हातात येते, अंदाजे 42 ते 44 इंच लांब आणि 15-16 इंच रुंद. दोन जॅकेटांच्या अशा दोन पट्ट्या. चेन उसवून काढा. उसवताना कप्पा उघडत असेल तर आधी तिथं टीप मारा.

तिसरं काम जोडायचं. कापलेले काठ मध्ये घ्या, जॅकेटचे मूळचे खालचे काठ बाहेरच्या बाजूला ठेवा. दोन पट्ट्या नुसत्या काठाला काठ लावून शिवल्या तर मधोमध पातळ रेघ राहते, आणि ती नेमकी बाळाच्या पाठीखाली येते. म्हणून एक पट्टी दुसरीवर चार बोटं चढवा. दोन्ही काठांना वरवरच्या कापडापुरता हातटाका घाला, सुई आरपार काढू नका. जोड फुगीर राहतो. जॅकेटची गुळगुळीत बाहेरची बाजू जमिनीकडे ठेवा, ती वारा अडवते.

चौथं काम नेफ्याचं. दोन्ही आखूड बाजूंना जुन्या साडीची तीन इंचांची पट्टी शिवून नेफा करा आणि परकराला ओवतो तशी नाडी ओवा. नाडी ओढली की टोकं चुण्या पडून झोळीला बिलगतात आणि दोन्हीकडून वारा आत शिरत नाही. चार कोपऱ्यांना दुहेरी नाडीचे मजबूत फासे, प्रत्येक फाशाला वीतभर इलास्टिक आणि त्याला पुढे बांधायची नाडी.

बांधताना आधी बाळ ठेवायचं नाही. झोळीत चार-पाच किलो ज्वारीची पिशवी ठेवा. मग चारही नाड्या झोळीच्या दोन टोकांच्या गाठींच्या वर, दोराला बांधा. आता झोळी आणि गोधडी यांच्यामध्ये तळहात घाला. हाताला दोन्हीकडून कापड लागलं पाहिजे, पण हात दाबला जाता कामा नये. सैल असेल तर मधून वारा जातो. आवळलेली असेल तर गोधडी पुन्हा चेपते, म्हणजे सगळी मेहनत वाया. वजन फक्त झोळीनं पेलायचं, गोधडीनं नाही. इलास्टिक त्याचसाठी आहे.

राहिलेल्या बाह्या टाकू नका. कापलेली बाजू आधी टीप मारून बंद करा. म्हाताऱ्या माणसांना गुडघ्यावर चढवायला त्या फार कामाच्या.

आता चार गोष्टी नीट ऐका. ही गोधडी नायलॉनची आहे, ठिणगी पडली की वितळून पेटते. झोळीखाली आता निखारे नकोत, आणि चूल, शेकोटी लांब. बंद कोपीत निखाऱ्यांचा धूरवायूही जीवघेणा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. दुसरं, कोणतीही नाडी झोळीच्या आत येऊ देऊ नका, गाठी बाहेर आणि खाली. तिसरं, ऊन चढलं की गोधडी सोडा. बाळाच्या मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर ऊब जास्त झाली. चौथं, झोळी थोड्या वेळासाठी, मोठ्या माणसाची नजर असताना. तोंड उघडं, हनुवटी छातीवर टेकलेली नको. रात्री बाळाला सपाट जागी, आपल्या शेजारी, पाठीवर निजवा. आणि बाळ अडीच किलोच्या आतलं जन्मलेलं असेल तर त्याला झोळी नकोच. त्याची ऊब आईच्या छातीशी असते. दवाखान्यात नर्सताई बाळाला आईच्या उघड्या छातीला लावून बांधायला शिकवतात, त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. ते शिकून घ्या.

तुम्ही म्हणाल, सहा महिने गावात नसणाऱ्या बायांसाठी आपण का शिवत बसायचं? हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला. मी हजेरीचं रजिस्टर उघडून दाखवलं. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत काही नावांपुढे नुसत्या फुल्या होत्या. त्या फुल्या मीच मारल्या होत्या. बचत थकली म्हणून कर्जाच्या यादीतून नाव मागे सारलं, तेही मीच. फडावर मोळ्या वाहणारी बाई बैठकीला कशी येईल, हे मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी गटानं दोन ठराव केले. एक, ऊसतोडीला जाणाऱ्या सभासदाची बचत ती परत आल्यावर एकदम घ्यायची, दंड नाही. दुसरा, तान्ह्या बाळाची कोणतीही ताई झोळीखालची गोधडी घेतल्याशिवाय गाडीत बसणार नाही.

गेल्या दसऱ्याआधी आम्ही पाच गोधड्या शिवल्या. नाडी, इलास्टिक, दोरा यांचा खर्च गटातून केला, जॅकेटं घरोघरी मागितली. ज्या ताईचं लुगडं जळालं होतं, तिचं बाळ आता चालतं-बोलतं आहे, तिला गोधडीची गरज नाही. तरी ती शिवायला आली. कोपरे तिनंच शिवले, तीन-तीन वेळा ओढून बघितले.

मैत्रिणींनो, भादव्यातल्या बैठकीत एवढंच करा. कुणाच्या घरी जुनं जॅकेट आहे ते विचारा आणि दसऱ्यानंतर गटातली कोण कोण गाडीत बसणार आहे त्यांची नावं लिहा. बाकीचं मशीनवर होईल.

येते मी. नमस्कार.