घाटाची वाट आणि गाडींतलें ओझें



चिखलदऱ्याची थंड हवा, तेथील कॉफीचे मळे, गाविलगडाचे बुरूज यांविषयीं आपण पुष्कळ ऐकलें असेल. आज मी बोलणार आहे तें तेथें जाणाऱ्या मोटारीच्या पाठीमागच्या भागाविषयीं. विषय क्षुद्र वाटेल. परंतु परतवाडा सोडल्यावर तीसेक किलोमीटरांत समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंचीवर नेणारी ती वळणावळणाची वाट ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस तो तसा वाटणार नाहीं.

अमेरिकन सैन्यासाठीं १९४१ च्या सुमारास निघालेली जीप १९४७ सालीं मुंबईंत महिंद्रांकडे जुळविली जाऊं लागली. चारही चाकांना जोर पोंचविणाऱ्या तिच्या जातीच्या गाड्या आज शहरांतील कितीतरी घरांच्या दारीं उभ्या आहेत. या गाडीविषयीं एक गोड गैरसमज आढळतो. चारही चाकें ओढतात म्हणून ती चिखलांतून निघते, निसरडा चढ चढते, हें खरें. पण थांबण्याच्या कामीं तिला त्याचा उपयोग नाहीं. ब्रेक साध्या मोटारीच्याही चारही चाकांना असतात. मग ‘आपली गाडी दणकट आहे, टाका वाटेल तसें’ या म्हणण्यांत अर्थ तो काय?

आतां थोडें गणित करूं. शिक्षकाची संवय सुटत नाहीं. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. घाटांतही हा वेग कोणी फारसा समजत नाहीं. समजा, या वेगानें चाललेली गाडी दरडीवर आदळून एक दशांश सेकंदांत उभी राहिली. गाडी थांबली; आंतलें सुटें सामान मात्र थांबत नाहीं. तेवढ्याच अवधींत त्याला थांबवावयाचें तर त्याच्या वजनाच्या दहापट जोर लागतो. पंधरा किलोंच्या तेलाच्या डब्यास दीडशें किलोंच्या भाराइतका! आणि तो जोर लावण्याचें काम बहुधा पुढें बसलेल्याच्या पाठीवर किंवा मानेवर येऊन पडतें.

सामान कोठें ठेवावें, हें आमच्या वऱ्हाडांतील गाडीवानास पूर्वीपासून ठाऊक आहे. कापसाच्या गाडींत मागें भार अधिक झाला कीं ती ‘उलाळ’ होते. जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. मोटारीस बैल नसले तरी उलाळ होणें चुकत नाहीं. पुढच्या व मागच्या चाकांत २४० सेंटिमीटर अंतर आहे असें धरा. मागच्या आंसाच्या ६० सेंटिमीटर पलीकडे १०० किलो ओझें ठेवलें, तर तरफेच्या नियमानें पुढच्या चाकांवरचा भार २५ किलोंनीं घटतो आणि मागच्या चाकांवर १२५ किलो वाढतो. ज्या चाकांनीं वळावयाचें, तींच हलकीं झालीं! चढावर हा दोष आणखी जाणवतो.

म्हणून तांदुळाचें पोतें, पाण्याचा जार, हत्यारांची पेटी असें जें जड असेल तें तळाशीं, बैठकीच्या पाठीस अगदीं टेकून, डाव्या-उजव्या बाजूंस सारखें विभागून ठेवावें. मधल्या फटींत अंथरुणें दाबून भरावींत. रास बैठकीच्या पाठीपेक्षां उंच जाऊं देऊं नये. टपावर हलकें सामानच टाकावें. कारण तेथें चढविलेला प्रत्येक किलो गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतो आणि वळणावर ती बाहेरच्या अंगास कलते. एकंदर ओझें किती न्यावें याची मर्यादा नोंदणीपत्रावरून समजते. ती ओलांडणें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गुन्हाही आहे.

नुसतें रचणें म्हणजे बांधणें नव्हे. तळाच्या लोखंडी कड्यांस पट्टा किंवा दोर अडकवून सामानावरून तिरका, एकमेकांस छेदून ताणावा. दाराच्या बिजागरीस किंवा बैठकीच्या नाजुक दांडीस बांधूं नये. अमरावतीहून निघतांना घट्ट असलेला दोर परतवाड्यास येईपर्यंत सैल झालेला असतो, कारण हादऱ्यांनीं सामान बसतें. तेथें चहा घेतांच, पण तो पाहूनच पुढें निघावें.

एक गोष्ट मात्र मला सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मेळघाटांतील गांवचा माणूस जीपच्या मागें पोत्यांवर बसून बाजारास जातो, तो दुसरें वाहन मिळत नाहीं म्हणून. त्यास बोल लावण्याचा आपणांस अधिकार नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं स्वतःची गाडी आहे, त्यांनीं सहलीची गंमत म्हणून मुलांना मागच्या वळकट्यांवर बसवावें, हें कोणत्या शहाणपणांत बसतें? तेथें पट्टा नाहीं, पाठ टेकण्यास जागा नाहीं. सामान मावत नसेल तर एक ट्रंक घरीं राहूं द्या. मूल मात्र बैठकीवर, पट्टा लावूनच बसलें पाहिजे.

वर पोंचल्यावरही थोडें जपावें. चढावर सामान मागें सरकून दारास टेकलेलें असतें. तेव्हां गाडी सपाट जागीं उभी करावी, मुलांना दूर करावें, आणि स्वतः बाजूस उभें राहून एका हातानें आंतलें सामान आवरीत मागचें दार हळूच उघडावें.