शिक्षणाचा खर्च : टक्क्यांचा आणि मुलामागचा

(भारत व चीन या दोन देशांच्या शिक्षणखर्चाविषयी रत्नागिरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शिक्षणावर कोणते राष्ट्र किती खर्च करते, हा हिशेब भर सभागृहात मांडणारा थोर पुरुष याच जिल्ह्यातला. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८ मार्च १९१० रोजी मध्यवर्ती विधिमंडळात देशोदेशींचे दरडोई आकडे वाचून दाखविले. इंग्लंड-वेल्समध्ये १० शिलिंग, जपानात १ शिलिंग २ पेन्स, रशियात साडेसात पेन्स आणि हिंदुस्थानात जेमतेम १ पेनी! इंग्लंड धनाढ्य म्हणून बाजूला ठेवता येईल. पण नुकताच उभा राहू लागलेला जपानही आपल्या चौदापट खर्च करीत होता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

गोखल्यांनी आकडा दरडोई मांडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आज चर्चा होते ती टक्क्यांची. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले की, वीस वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणाला मिळावेत. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही शैक्षणिक धोरणांत तोच आकडा पुन्हा आला. प्रत्यक्ष खर्च, केंद्र व राज्ये मिळून, २०१७-१८ मध्ये ४.४३ टक्के होता, असे २०२० चे धोरणच नमूद करते. चीनने १९९३ साली ४ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरविले, ते २००० सालापर्यंत गाठायचे होते. गाठले २०१२ मध्ये. म्हणजे बारा वर्षे उशीर त्यांनाही झालाच.

टक्क्यांत पाहिले तर भारत चीनच्या मागे नाही. या समाधानातच फसगत आहे. १९९० च्या सुमारास दोन्ही देशांचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते. आज चीनचे सुमारे पाचपट आहे. शिवाय २०२० च्या सुमारास शंभर माणसांमागे पंधरा वर्षांखालील मुले चीनमध्ये १८ च्या आसपास होती, तर भारतात २५ च्या आसपास. लहान भाकरी आणि वाटेकरी जास्त! टक्का तोच धरला, तरी एका चिनी मुलाच्या वाट्याला भारतीय मुलाच्या सहा-सात पट रक्कम येते. आपल्याकडील स्वस्ताई हिशेबात धरली तर हे अंतर बरेच घटते, पण मिटत नाही.

मात्र पैसा हाती असलेल्या चीननेही एक चूक केली, आणि ती कोकणाने नीट अभ्यासावी अशी आहे. २००१ पासून तेथे खेड्यांतील लहान शाळा बंद करून मोठ्या शाळांत विलीन करण्याचे धोरण आले. खर्च वाचेल, शिक्षक एकत्र येतील, दर्जा सुधारेल, असे त्यामागचे गणित. प्रत्यक्षात डोंगराळ भागातील मुलांना दूरवर चालावे लागले, कोवळ्या वयात वसतिगृहात राहावे लागले. कित्येकांची शाळाच सुटली. अखेर सप्टेंबर २०१२ मध्ये चिनी सरकारने या विलीनीकरणाला आवर घातला.

महाराष्ट्रात २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागविले गेले. राज्यभर अशा शाळा जवळपास पंधरा हजार! रत्नागिरी जिल्ह्यात त्यांचे प्रमाण मोठे असणे स्वाभाविकच. वाड्या विखुरलेल्या आणि तरुण कुटुंबे मुंबईला. आठ मुलांमागे दोन शिक्षक, हा हिशेब मंत्रालयातून उधळपट्टीचा दिसतो. पटावर मुले थोडी असली की एकमेकांत शिकणे खुंटते, हा आक्षेपही खोटा नव्हे.

पण शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनी प्राथमिक शाळेसाठी १ किलोमीटरचे अंतर ठरविले आहे. नकाशावरचे हे अंतर आषाढात निराळे होते. मध्ये पऱ्या भरून वाहत असतो, साकव निसरडा झालेला असतो, आणि सड्यावरून येणारे मूल सहा वर्षांचे असते. अशी शाळा बंद करताना शिक्षकाचे वेतन वाचले, हे अंदाजपत्रकात लगेच दिसते. त्या मुलाला रोज नेणाऱ्या रिक्षाचे भाडे किंवा त्याच्यासोबत जाणाऱ्या आईची बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी कोणत्याही देशाच्या ४ वा ६ टक्क्यांत धरली जात नाही.