आत्याचा प्रश्न

(तालुक्याच्या अभ्यास शिबिरातलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. मधल्या शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



मला आकड्यांवर बोलायला सांगितलंय. दुपारचं जेवण झालंय, मंडपाचं पत्रं तापलंय, त्यात आकडे. झोप आली तर झोपा, पण घोरू नका.

आधी माझी फजिती सांगतो. मागल्या सभेत मी स्टेजवरनं गळा ताणून ओरडलो की २०२१ साली देशात अनुसूचित जातींवरल्या गुन्ह्यांच्या नोंदी ५०,९०० आणि २०२२ साली ५७,५८२, म्हणजे एका वर्षात अत्याचार तेरा टक्क्यांनी वाढले! टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर आमची चुलत आत्या वाट बघत उभी.

"लेकरा, ते आकडं कुठनं आणलंस?"

"सरकारचं पुस्तक हाय आत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरो काढतं."

"मंग त्यात माजं हाय का? पोळ्याला तुज्या मामाचं डोस्कं फोडलं ते?"

"तक्रार लिहून घेतली होती का?"

"गेलो व्हतो की. सायबानं बसवलं, पाणी दिलं, म्हनला गावातलं गावात मिटवा, सणासुदीचं कशाला. आलो परत."

"मग नसणार त्यात."

"मंग तुजं पुस्तक मोजतं तरी काय?"

मित्रहो, बी.ए.ला तीन वर्षं समाजशास्त्र घेतलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आज जे बोलणार आहे ते आत्याला द्यायचं उत्तर आहे. तिला अजून दिलेलं नाही.

पुस्तक मोजतं ते पोलिसानं लिहिलेलं. डोकं फुटलं हा गुन्हा, पण पुस्तकाच्या हिशेबी ठाणे अंमलदारानं कागदाला पेन लावलं तेव्हा तो जन्मला. मधल्या पायऱ्या बघा. मार खाल्लेल्यानं ठरवायचं की जायचं. मग मजुरी बुडवून, एसटीचं भाडं घालून तालुक्याला जायचं. तिथं आत शिरायचं. मग साहेबानं ऐकायचं. ऐकलं तर ते एन.सी.त ढकलायचं नाही, एफआयआर घ्यायचा. एफआयआर घेतला तर त्यात ॲट्रॉसिटीचं कलम टाकायचं. एक पायरी निसटली की आत्याचा नवरा धडपडून पडला असं होतं.

'आत शिरायचं' हे मी उगीच म्हटलं नाही. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचं ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवरचं पुस्तक २००६ साली आलं. अकरा राज्यांतली ५६५ गावं पाहिली होती. त्यांतल्या २७.६ टक्के गावांत दलितांना पोलीस ठाण्यात शिरायलाच अडवलं जातं असं निघालं. चारातल्या एका गावाहून जास्त! म्हणजे जिथं गुन्हा नोंदवायचा, त्या दारातच गुन्हा उभा. आणि त्या दाराच्या आतल्या वहीवरनं देशाचा आलेख काढायचा.

गंमत अशी की गावचा गुन्हा सरकारात पोचवायचं काम पिढ्यान् पिढ्या आपल्याच माणसांचं होतं. चोराचा माग काढायचा महारानं, तालुक्याला निरोप घेऊन पळायचं महारानं. गावाची खबर नेणारा तो, त्याची स्वतःची खबर नेणारा कोण?

आता वहीच्या आतलं. ब्युरो १९८६ साली झालं, पण हे वार्षिक पुस्तक १९५३ पासून निघतंय. मोजायची रीत अशी, की एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तर सगळ्यात जबर असेल तो एकच धरायचा. खून असेल तर खून. सोबत घर जाळलं, बाईची विटंबना केली, हे त्या मोजणीत गडप. असाच नियम अमेरिकेच्या एफबीआयनंही वर्षानुवर्षं वापरला.

शिवाय दलित कोण हेही वहीच ठरवते. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींत घेतलं १९९० साली. धर्मांतर १९५६ चं. मधली चौतीस वर्षं ज्या बौद्धाला गावानं 'धर्म बदलला म्हणून माजला' असं म्हणून मारलं, तो केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा नव्हताच. दलित ख्रिश्चन, दलित मुसलमान आजही त्या यादीबाहेर आहेत. वळ जातीचा, पण रकाना नाही.

आता पश्चिम बंगाल घ्या. २०११ च्या जनगणनेत तिथं दोन कोटींवर अनुसूचित जाती. आणि २०२०, २१, २२ या सालांत अशा गुन्ह्यांची नोंद शंभराच्या आसपास. अख्ख्या राज्यात, अख्ख्या वर्षात. आपल्या महाराष्ट्रात लोकसंख्या त्याहून कमी, नोंदी २०२२ साली २,७४३. मग काय बंगालात सगळे बुद्धाच्या मार्गाला लागले? मला वाटतं, जिथं कायदा माहीत असलेला माणूस, जयंती करणारं मंडळ, एक भांडखोर वकील असतो, तिथं वही भरते. आणि जिथं माणूस दबलेला, तिथं ती कोरी राहते. कोरी वही बघून मंत्री म्हणतो, आमच्याकडं शांतता आहे.

म्हणून माझं ते 'तेरा टक्के' कच्चं होतं. तो वाढलेला अत्याचार होता, की वाढलेली हिंमत, की वाढलेली नोंदणी? नुसत्या त्या आकड्यावरनं सांगता येत नाही. ब्युरो स्वतःच छापतं की गुन्हे वाढणं वेगळं आणि नोंद वाढणं वेगळं. २०२३ साली आकडा ५७,७८९, म्हणजे जवळपास तेवढाच. उद्या कुणी म्हणेल, बघा, वाढ थांबली. तेव्हा आपण कुठल्या तोंडानं बोलणार? वाढला की आपला आणि थांबला की खोटा, असं चालत नाही.

आणि ही नुसती पंडितांची चर्चा नाही. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटी कायद्याला वेसण घातली. आधी चौकशी करा, मग गुन्हा नोंदवा. त्या निकालात याच ब्युरोचे आकडे होते: एवढ्या तक्रारी खोट्या ठरल्या, एवढे लोक सुटले. साक्षीदार फोडला, पंच उलटला, तपास सडवला, आरोपी सुटला, आणि त्याच्या सुटण्याचा आकडा पुन्हा आपल्याच विरोधात पुरावा म्हणून उभा! २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला, २०१९ साली कोर्टानं ते निर्देश मागं घेतले. पण आकड्यानं काय करता येतं ते बघून घ्या. खैरलांजी विसरला नाहीत ना? २९ सप्टेंबर २००६, एका घरातले चार जीव. २००८ साली खालच्या कोर्टानं शिक्षा दिल्या, २०१० साली हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली, आणि दोघांनीही ॲट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. खून झाला, पण जातीवरनं नाही म्हणे.

मग दुसरी वाट कुठली? मार खाल्लेल्याला त्याच्या दारात जाऊन विचारायचं.

१९७२ साली मुंबईत दलित पँथरनं ज्या ब्लॅक पँथरवरनं नाव घेतलं, त्यांच्या अमेरिकेतली गोष्ट. तिथं १९३० पासून एफबीआय पोलिसांचे आकडे गोळा करत होती. १९६६ साली सरकारी आयोगासाठी दहा हजार घरांत जाऊन विचारलं, तर पोलिसांच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट गुन्हे निघाले. मग १९७३ पासून तिथं हे सर्वेक्षण कायमचं चालू झालं. बारा वर्षांवरल्या प्रत्येकाला सहा-सहा महिन्यांनी विचारतात, पोलिसात गेला नसलात तरी सांगा. इंग्लंडनं १९८२ साली सुरू केलं. भारतात सरकारचं असं दरवर्षीचं सर्वेक्षण आजही नाही.

दोन वह्या असल्या की एकीची लबाडी दुसरी पकडते, पण भांडणही लागतं. २०२२ सालाबद्दल एफबीआयनं पहिल्यांदा जाहीर केलं की हिंसक गुन्हे किंचित घटले. त्याच सालचं सर्वेक्षण म्हणालं, वाढले, हजारी १६.५ वरनं २३.५ वर. कोण खरं? दोघं वेगवेगळं मोजत होते. सर्वेक्षणात खून येत नाही, कारण मेलेल्याला विचारणार कसं? पोलिसाकडं न गेलेला मार एफबीआयकडं येत नाही. शिवाय आदल्या साली एफबीआयची नोंदणीपद्धत बदलली होती, तेव्हा न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांच्या पोलिसांनी आकडेच दिले नव्हते. म्हणून आलेख दाखवणाऱ्याला आधी विचारा, बाबा, मोजायची पद्धत कधी बदललीस?

आपल्याकडं विचारपूस झालीच नाही असंही नाही. २०११-१२ च्या मानव विकास सर्वेक्षणात घराघरांत विचारलं, तुमच्यात शिवाशिव पाळतात का? २७ टक्के घरं हो म्हणाली. महाराष्ट्र त्यात अगदी खालच्या ओळीत, फारच पुढारलेला! पण विचारलं कुणाला? पाळणाऱ्याला. चोराला विचारलं, चोरी करतोस का, आणि त्याच्या उत्तराची टक्केवारी काढली. त्यातही २७ टक्के बेधडक हो म्हणाले, म्हणजे त्यांना त्यात लाजही वाटली नाही. तोच प्रश्न विहिरीच्या या बाजूला विचारून बघा.

आता आमचं. आत्यानं तोंड बंद केल्यावर आम्ही पाच जण वही घेऊन वस्तीत फिरलो. पहिल्या दिवशी विचारलं, "तुमच्यावर अत्याचार झाला का?" सगळे म्हणाले, नाही. एकजण तर म्हणाला, अत्याचार मोठ्या गावात होतात, आमच्यात नुसतं मारतात.

रात्री बसलो आणि प्रश्न मोडून टाकले. पोळ्याला बैल कुठल्या रस्त्यानं नेलात? वरातीत घोडा होता का? का नव्हता? मजुरी मागायला गेल्यावर काय बोलले? वावराच्या बांधावरनं वाट आहे का अजून? लोक बोलायला लागले, पेन पुरेना. पुढं वाचलं, तेव्हा कळलं की अमेरिकेतल्या शहाण्यांनीही वीस वर्षांनी हेच केलं. १९९२ च्या सुमाराला त्यांनी प्रश्न असे बदलले की माणसाला जागा आठवावी, माणूस आठवावा. बलात्काराचे आणि मारहाणीचे आकडे एकदम चढले. बायांवर तेवढंच होत होतं, आता विचारलं गेलं.

दुसरी खोड काळाची. एक आजोबा कालच घडल्यासारखं सांगत होते, गावानं दुकान बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली. शेवटी कळलं, ते बहात्तरच्या दुष्काळातलं. जखम ताजी असली की साल सरकतं. म्हणून आम्ही खुंट्या ठोकल्या: गेल्या चौदा एप्रिलनंतर का आधी? दिवाळीच्या अलीकडं का पलीकडं? जुनं असलं तरी लिहायचं, पण वेगळ्या पानावर.

तिसरी खोड सगळ्यात अवघड. बहिष्कार कसा मोजायचा? १९७२ साली पुणे जिल्ह्यातल्या बावड्याला झाला, तो एक गुन्हा की रोजचा एक? १९२८ साली मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट कमिटीत बाबासाहेब होते. तिच्या १९३० च्या अहवालातही बहिष्कार हे हत्यार म्हणून आलंय. हत्यार म्हणलं, तरी त्याला घाव मोजता येतो का? नवऱ्याचा रोजचा मार तसाच. अमेरिकेत सहा किंवा जास्त वेळा झालेलं आणि वेगवेगळं आठवत नसलेलं ते आधी छापील आकड्यातनं वगळत. आता धरतात, पण दहापर्यंतच. म्हणजे ज्या बाईला जास्तीत जास्त मार, तिचाच हिशेब आखूड. आणि हो, बायांना विचारायला बाईच जाणार, आणि नवरा घरात नसताना. हे आपल्या पोरांनाही सांगतोय. आपल्या घरातला मार वहीत नको, असं कुणी म्हणायचं नाही. काल एकजण म्हणाला. त्याचं माझं भांडण झालं.

आणि जो गाव सोडून गेला, ऊसतोडीला गेला तो परतलाच नाही, त्याचं दार बंद. घरांची यादी करून विचारणारा बंद दारापुढनं पुढच्या दारी जातो. आपण शेजाऱ्याला विचारायचं, हे का गेले?

आपली वही म्हणजे देशाचा आकडा नव्हे. एका वस्तीची आहे, स्टेजवरनं ओरडायची नाही. पण ठाण्यातल्या वहीशेजारी ती ठेवता येते. मागच्या वर्षात या वस्तीतले किती जण तिथं गेले, किती एफआयआर झाले, माहितीच्या अधिकारात मागायचं. २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर घ्यावाच लागतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या चौथ्या कलमात कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. पाणी पाजून परत पाठवलेलं प्रत्येक माणूस या कलमात बसतं का, ते वकिलाला विचारलंय. तो बघून सांगतो म्हणाला.

उद्याचं काम सांगतो नि बसतो. सकाळी सातला निघायचं. वहीत नाव लिहायचं नाही, घराला नंबर. नंबरांची यादी वेगळी, आणि ती माझ्याकडं पण नाही, मास्तरांच्या बायकोकडं राहील. फोनवर फोटो काढायचा नाही. कुणी रडलं तर पेन खाली ठेवायचं. पहिलं घर आत्याचं. ती म्हणालीय, चहा टाकते, पण पोलीस पाटलाचा पुतण्या पारावर येऊन बसायच्या आधी या.