तळमजला कुणाचा?

(वडगाव मावळ येथे पालक आणि बालवाडी-अंगणवाडी शिक्षिकांपुढे केलेले भाषण)



वडगावचे नाव इतिहासात आले ते १७७९ च्या तहामुळे. इंग्रजी फौजेने येथे तह लिहून दिला आणि पुढे कंपनी सरकारने तो धुडकावून लावला. कागदावर मान्य करायचे आणि व्यवहारात विसरायचे, याचा या गावाला असा जुना अनुभव आहे. शाळांच्या अग्निसुरक्षेचे नियम वाचताना तो आठवल्यावाचून राहात नाही.

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका खाजगी शाळेला आग लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरापर्यंत पोचली. वर्ग वरच्या मजल्यावर होते आणि उतरायला जिना एकच, तोही अरुंद. त्यानंतर झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये निर्वाळा दिला, की सुरक्षित इमारत हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे.

शिशुवर्ग तळमजल्यावर असावेत, हा आग्रह कुणा अधिकाऱ्याची लहर नव्हे. तीन वर्षांचे मूल जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पावले टेकवते, भिंत धरते, मध्येच थांबून मागे पाहते. धूर कोंडला की ते पळत नाही. कोपऱ्यात किंवा बाकाखाली लपते. शिक्षिका फार तर दोघांना उचलू शकते, आणि वर्गात असतात तीस. ज्याला स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येत नाही, त्याची जबाबदारी संपूर्णपणे इमारतीवर येते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्राने हे पाहिलेच आहे.

मग बालवाड्या वर का जातात? याचे उत्तर बालमानसशास्त्रात नाही, भाड्याच्या हिशेबात आहे. बाजारपेठेत किंवा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत तळमजल्याचा गाळा म्हणजे दुकानदारीची जागा. तळेगाव-चाकणच्या कारखानदारीने जमिनीचे भाव चढवले, तसतशी ही जागा अधिकच मोलाची झाली. औषधाचे दुकान, मोबाईलचे दुकान, पतसंस्था यांना ते भाडे परवडते. बालवाडीला परवडतो वरचा मजला किंवा गच्चीवरचा पत्र्याचा वर्ग. समाजातील सर्वांत दुबळे पाय सर्वांत उंच जागी चढवले जातात, ते केवळ ती जागा स्वस्त आहे म्हणून. रिकार्डोने खंडाचा सिद्धांत शेतजमिनीसाठी मांडला. तो शिशुवर्गालाही लागू पडेल, असे त्याच्या मनात क्वचितच आले असेल!

नोटीस आली की धावपळ होते. शिशुवर्ग खाली आणायचा, कार्यालय वर न्यायचे, आणि खर्च फीमध्ये चढवायचा. जेथे फी चढवता येत नाही, तेथे वर्गच बंद होतो आणि मुले एखाद्या घरातल्या, कुणाच्याही नोंदीत नसलेल्या बालवाडीत जातात. नियम पाळला गेला असे दप्तर सांगते. मूल मात्र होते त्याहून धोक्यात असते.

शिवाय खाली आणणे म्हणजे सुरक्षित करणे नव्हे, हेही शिक्षिकांनी ध्यानात घ्यावे. दुकानाच्या गाळ्याला पुढे एक शटर असते आणि मागे सलग भिंत. पुढच्या बाजूला आग लागली, तर तो गाळा म्हणजे कोंडवाडाच. मागचे दार पाडून घ्यायचे तर मालकाची संमती हवी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर टाकली आहे. मालक भोगवटादाराकडे बोट दाखवतो, भोगवटादार मालकाकडे. एका खोलीच्या अंगणवाडीत तर खाऊ शिजवायचा सिलिंडरही मुलांच्या शेजारीच असतो. शेगडी बाहेर काढायला न्यायालयाच्या निकालाची गरज नाही, पण आडोसा आणि चार पत्रे तरी कुणीतरी द्यायला हवेत.

हे देणारा कुणी ठरलेला नाही, याचे मूळ घटनेतच सापडते. मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतची सर्व मुले होती. खालची मर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा वयोगटाला. त्याखालच्यांच्या वाट्याला शासनाचे ‘प्रयत्न’ आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय शासन करू शकेल, एवढेच म्हटले आहे. हक्क नाही, म्हणून जागेसाठी हक्काचा पैसाही नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. पुढे त्यांनी शाळाच आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव त्या कामातून आले, आणि १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने ते देशभर नेले. आज कित्येक अंगणवाड्यांना अंगणच नाही.

नगरपंचायती आणि नगरपरिषदा सार्वजनिक जागेवर व्यापारी संकुले बांधतात आणि तळमजल्याचे गाळे लिलावात काढतात. वडगावकरांनी मागणी करावी ती येथे: लिलाव पुकारण्यापूर्वी तळमजल्यावरची एक खोली, दोन बाजूंना बाहेर उघडणारी दारे असलेली, मुलांसाठी बाजूला काढावी. तिचे बुडणारे भाडे दरवर्षी अंदाजपत्रकात बालशिक्षणाच्या शीर्षाखाली उघडपणे लिहावे, म्हणजे ते किती आणि कशासाठी हे सर्वांना दिसेल.