पोहरा कुणाच्या हातात?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता लिहितो आणि पिंपं उतरवतो. भूगर्भशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की पिंप कुठून झिरपतंय ते माझ्या नाकाला आधी कळतं. तरी आज मी जमिनीखालच्या पाण्यात तेल शिरलं तर त्याचा तपास कसा होतो, यावर बोलणार आहे. कुणी म्हणेल, हे साहेब लोकांचं काम. अरे, पाण्याच्या बाबतीत हेच तर आपल्या बापजाद्यांना सांगितलं गेलं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ओंजळीचा हक्क मिळवला. आता ओंजळीत काय आलंय हे तपासायचा हक्क दुसऱ्याच्या हवाली करायचा का?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ग्रीनपॉइंट नावाची वस्ती आहे. न्यूटाउन क्रीक ही खाडी तिला लागून. पोलंडहून आलेल्या कामगारांची वस्ती. एकोणिसाव्या शतकापासून तिथं रॉकेल गाळायचे कारखाने होते. पुढं रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलनं ते गिळले. टाक्या गळत होत्या, नळ गळत होते, तेल मातीत जिरत होतं. मालकाला काय, गळालेल्या तेलापेक्षा टाकी दुरुस्तीचा खर्च जास्त!

१९५० च्या ऑक्टोबरात गटारात साठलेल्या वाफेचा भडका उडाला आणि रस्त्यावरची मॅनहोलची २५ जडशीळ झाकणं हवेत उडाली. जमीन यापेक्षा मोठ्यानं कशी बोलणार? पण ऐकलं कुणी नाही. १९६६ ला मोबिलनं तिथली रिफायनरी बंद केली. कारखाना गेला, तेल मात्र खालीच राहिलं. १९७८ साली तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरला खाडीवर तवंग दिसला, तेव्हा कुठं तपास सुरू झाला. १९७९ चा अंदाज निघाला १ कोटी ७० लाख गॅलनचा, पन्नासहून जास्त एकरांच्या खाली. १९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाज फुटलं तेव्हा १ कोटी १० लाख गॅलन सांडल्याचा आकडा जाहीर झाला. त्या जहाजाचा बोभाटा जगभर झाला, कारण तेलात माखलेले पक्षी फोटोत दिसतात. घराच्या पायाखालचं तेल फोटोत येत नाही, भाऊ.

आता तपास. तेल पाण्यापेक्षा हलकं. जमिनीतनं खाली झिरपत झिरपत ते भूजलाच्या पातळीशी येऊन थबकतं आणि तिथं पसरतं. पावसाळ्यात पाणी वर चढलं की तेलही वर, उन्हाळ्यात खाली. असं वर-खाली होताना ते मधली सगळी माती माखून टाकतं. तेलातलं बेंझिन पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर पुढं चालू लागतं. बेंझिननं रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागं १० मायक्रोग्रॅम ठेवलीय. म्हणजे पाण्यावर तवंग नसला, पाणी काचेसारखं दिसलं, तरी ते विष असू शकतं.

हे बघायला बोअर मारतात. त्यात चिरा पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप सोडतात. आणि खरी गोम इथंच आहे, नीट ऐका. चिरा पाण्याच्या पातळीला हव्यात, थोड्या वर, थोड्या खाली. चिरा खोल गेल्या तर वर तरंगणारं तेल पाइपात येणारच नाही. पोहरा सोडा, स्वच्छ पाणी काढा, बाटली भरा, शिक्का मारा, विषय संपला! कागदावर खोटं एक अक्षर नाही आणि तरी सगळा कागद खोटा.

दुसरी गोम दिशेची. जमिनीखालचं पाणीही उताराकडं वाहतं, पण तो उतार डोळ्याला दिसत नाही. दोन विहिरींवरून दिशा ठरत नाही, निदान तीन लागतात, तीही एका रेषेत नकोत. तिन्हींची पातळी एकाच खुणेपासून मोजायची, मग उतार कळतो. टाकीच्या वरच्या अंगाला बोअर मारला तर पाणी चांगलंच निघणार. मारायचा खालच्या अंगाला, आणि दिशा एकदा मोजून भागत नाही. ब्रुकलिनमध्ये पूर्वी पिण्यासाठी भूजल इतकं उपसलं, की खाडीकडं जाणारं पाणी उलटं वस्तीकडं ओढलं गेलं, त्याच्याबरोबर तेलही. १९४० च्या दशकात उपसा थांबला, पाणी चढलं, प्रवाह पुन्हा फिरला. आपल्याकडं टँकरवाले रात्रंदिवस बोअर उपसतात, तिथं प्रवाह कुठं वळला असेल याचा विचार करा.

तिसरी गोष्ट वाफेची. नळाचं पाणी पितो म्हणून सुटलो असं नाही. तेलाची वाफ मातीतनं वर येते, तळघरात, जोत्याच्या फटीतनं घरात. म्हणून पाण्याबरोबर मातीतली हवाही तपासावी लागते. नुसती पाण्याची बाटली घेऊन गेला तो अर्धाच तपास.

ग्रीनपॉइंटला शेवटी काय झालं? २००४ साली रिव्हरकीपर या संघटनेनं कोर्टात खेचलं, २००७ ला राज्याच्या ॲटर्नी जनरलनं. २०१० साली एक्सॉनमोबिलनं अडीच कोटी डॉलर द्यायचं आणि तेल, माती, भूजल, वाफ सगळं साफ करायचं कबूल केलं. त्यातले १ कोटी ९५ लाख डॉलर वस्तीच्या भागातल्या पर्यावरणाच्या कामांसाठी. स्फोटापासून मोजा: साठ वर्षं. या साठ वर्षांत किती जणांनी ती हवा छातीत घेतली त्याचा हिशेब कोणत्या करारात लिहिलाय?

तुमच्यातले कितीतरी जण टाक्यांच्या आणि पाइपलायनींच्या कडेला राहतात. उद्या गल्लीत बोअर मारायची गाडी आली तर नुसते बघत उभे राहू नका. चिरा किती फुटांवर ठेवल्या ते विचारा. पाणी किती फुटांवर लागलं ते विचारा. बोअर कुठं मारायचा ते कुणी ठरवलं, आणि बाटली कुठल्या प्रयोगशाळेत जाणार? उत्तर वहीत तारखेसकट लिहा. साहेब चिडला तर चिडू द्या, त्याचं चिडणंही लिहा.

खडू आहे का कुणाकडं? तीन विहिरींवरून दिशा कशी काढायची ते फळ्यावर करून बघू.