आधी उघडून बघू
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील मनोगत)



आपल्या पहिल्या गणेशोत्सवातल्या मुलांच्या कार्यक्रमाची कॅसेट मी भरली होती. परवा ती जुन्या वॉकमनमध्ये लावली, तर पोरांचे आवाज जाडे, रडके! नातू म्हणाला, "आजोबा, फेकून द्या." म्हटलं, थांब, आधी उघडून बघू.

सगळ्यात पहिलं, सेल काढले. मग मागचे बारीक स्क्रू. त्यांची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर वॉकमनचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी चिकटपट्टीने लावले. झाकण ओढायचं नाही, अलगद उचलायचं. आत नाजूक वायरी असतात. मागे घाईत मी एक तोडली होती.

मोटर ठीक होती, पण तिच्यावरून चाकाकडे जाणारा रबरी पट्टा सैल पडला होता. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. पट्टा घसरला की वेग कमी आणि आवाज जाडा. नवा पट्टा घातला, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. आधी एक साधी कॅसेट वाजवून पाहिली, मगच ही लावली.

मुलं खणखणीत बोलू लागली. मधेच एक पोरगं अडखळलं, आणि पडद्यामागून कुणीतरी हळूच पुढची ओळ सांगितली. आमच्या हिचा आवाज! तिला जाऊन बारा वर्षं झाली. नातवाने आजीला पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा जुन्या कॅसेट टाकू नका. माझ्याकडे आणा. स्क्रू ड्रायव्हर माझा, चहा तुमचा.