केसपेपरवर न येणारा आजार

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद असून, कौटुंबिक कारणांखालोखाल ‘आजारपण’ हे कारण त्यांपैकी १८.४ टक्के प्रकरणांत दिलेले आहे; आत्महत्यांच्या संख्येत राज्यांत महाराष्ट्र पहिला आहे. या एकाच सदरात शरीराचे दीर्घ आजार आणि मनाचे आजार दोन्ही मोडतात, आणि पुष्कळदा ते एकाच माणसाला जडलेले असतात.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास डायलिसिस घ्यावे लागते आणि पिण्याचे पाणीही मोजून मिळते. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात अशा खलाशाला १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ त्यातल्या त्यात सुसह्य जाईल, कारण तेव्हा सगळेच किनाऱ्यावर असतात. ऑगस्टात बोटी सुटतात आणि तो एकटा मागे उरतो. ‘जीव नकोसा झालाय’, ‘पोरांवर ओझं झालोय’, ‘देवानं उचललं तर बरं’ असे तो बोलू लागला की घरची माणसे ‘असा आजार म्हटल्यावर मन खचणारच’ असे म्हणून विषय मिटवतात. ही समजूत मायेची असली तरी घातक आहे, कारण दुःख स्वाभाविक असले तरी नैराश्य हा उपचारांनी आटोक्यात येणारा स्वतंत्र आजार आहे.

थकवा, झोपमोड, मंदावलेली भूक ही लक्षणे मूत्रपिंडाच्या विकारातही आढळत असल्याने नैराश्य त्यांच्याआड लपते. म्हणून दोन आठवडे जवळजवळ रोज कशातच मन न रमणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे आणि मरणाचे विचार येणे, यांना अधिक वजन द्यावे लागते. आत्महत्येचा विचार येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उत्तर होकारार्थी आले, तर रुग्णाला एकटे न सोडता, घरातील औषधे दुसऱ्याच्या ताब्यात देऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मदतीची सुरुवात मूळ आजाराच्या डॉक्टरांपासून व्हावी, कारण थायरॉईडची कमतरता किंवा औषधप्रतिरोधी क्षयावरील सायक्लोसेरिनसारखे औषधही मन खालावू शकते, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला नैराश्यावरील औषधाची मात्रा बेतूनच द्यावी लागते. त्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ते सोडू नये. ‘ठाणे’ म्हटले की तिथले वेड्यांचे इस्पितळ एवढेच आठवण्याची आपली जुनी खोड मदत घेण्याच्या आड येते, तशीच आत्महत्येच्या प्रयत्नानंतरच्या पोलीस केसची भीतीही. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरते आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवते.

१० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. घरच्यांनी तो क्रमांक जवळ ठेवावा, आणि डायलिसिसच्या पुढच्या खेपेला रुग्णाची ‘जीव नकोसा झालाय’सारखी वाक्ये डॉक्टरांना जशीच्या तशी सांगून केसपेपरवर लिहायला लावावीत.